धोंड्याच्या महिन्यात बसवलेली चाकं

मला त्या चाकांची किळस यायची. चाकांची कधी कुणाला किळस येते का, असं माझी धाकटी बहीण अजून विचारते. येते. झुरळाची येते, खरकट्या मोरीची येते, तशीच मला त्या काळ्याभोर, जाळीदार, कडेला रुपेरी रेघ मारलेल्या चार चाकांची यायची. आणि खरं सांगायचं तर चाकांपेक्षाही जास्त, त्यांच्याभोवती उभं राहून 'वा, वा' करणाऱ्या आमच्या घराची यायची.

गाडी आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची. लहानशी, रुपेरी, दिसायला साबणाच्या वडीसारखी. ती घेतली होती आईच्या पाठीसाठी. आईच्या मणक्याचं एक हाड ठिसूळ होऊन आपोआपच दबलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना बसू द्या, चालू द्या, फिरू द्या, पण धक्का बसू देऊ नका. त्या दिवसापासून आमच्या घरात ऑटो बंद झाला. अण्णांनी निवृत्तीनंतर गाठीला ठेवलेले पैसे काढले आणि गाड्यांच्या दुकानांतून आईला हिंडवलं. प्रत्येक गाडीत तिला पुढं बसवायचं, गाडी मुद्दाम स्पीडब्रेकरवरून न्यायची आणि तिच्या तोंडाकडं बघायचं. विक्रेते इंजिनाचं सांगायचे, रंगांचं सांगायचे. अण्णा म्हणायचे, ते राहू द्या, जरा त्या उंचवट्यावरून घ्या. ज्या गाडीत आई 'हं, ही चालेल' म्हणाली ती गाडी घेतली. तिची चाकं लहान होती, साध्या लोखंडाची, वर प्लास्टिकची झाकणं. टायर मात्र जाड आणि गुबगुबीत होते. सगळं सुख त्या गुबगुबीतपणात आहे, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

आई त्या गाडीतून एकाच ठिकाणी मनापासून जायची. दर रविवारी सकाळी, अत्तापूरहून नल्लकुंट्याला, तिच्या मोठ्या बहिणीकडं. मावशी घराबाहेर पडत नसे. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायची. ऐकूही कमी यायचं, समोर बसून ओरडलं तर कळायचं आणि फोनवर तर काहीच नाही. त्यामुळे बहिणींची भेट म्हणजे आईनं जाणं, दुसरा उपाय नव्हता. आणि जाऊन दोघी करायच्या काय, तर मावशी आईच्या केसांना तेल लावायची. लहानपणी आईची आई लवकर गेली तेव्हापासून तिचे केस मावशीच्या ताब्यात होते. सत्तरी ओलांडलेली आई पाटावर बसायची, तिच्यामागं खाटेवर ऐंशीला टेकलेली मावशी, आणि तासभर दोघींत एक शब्द नाही. शब्दांची गरजच नव्हती. रविवारी आई घरातून निघताना केस विंचरायची नाही, नुसता सैल अंबाडा घालायची आणि पिशवीत तेलाची बाटली टाकायची. परत येताना चापूनचोपून वेणी असायची आणि चेहरा दहा वर्षांनी लहान झालेला असायचा.

मी मोठी मुलगी. लग्न केलं नाही, राज्य सरकारच्या एका खात्यात नोकरी केली आणि आईवडिलांजवळ राहिले. मी सांगते आहे ते दिवस आंध्र आणि तेलंगणा वेगळे झाल्यानंतरचे. ऑफिसात माणसांच्या आधी खुर्च्यांची वाटणी सुरू झाली होती. कपाटांवर खडूनं अक्षरं लिहिलेली, एकाच टेबलाचा एक खण या राज्यात आणि दुसरा त्या. काल एकमेकांच्या डब्यातलं खाणारी माणसं पंख्यावरून भांडताना बघून मला शिसारी यायची. घरी आल्यावर तरी बरं वाटावं, तर घरात जावयाचं प्रकरण सुरू झालं.

राज्य तुटलं त्याच्या पुढच्याच वर्षी अधिक मास आला. मराठवाड्यात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पुरण भरून केलेले धोंडे वाढायचे, वाण द्यायचं, कारण त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. अण्णा या असल्या गोष्टी गावाकडच्या लोकांपेक्षा कडक पाळायचे. भाषेवरून राज्यं पाडली तेव्हा आमचं गाव महाराष्ट्रात गेलं आणि अण्णा नोकरीपायी हैदराबादेत राहिले. शेती भावांकडं गेली, घर पडलं, गावाशी नातं उरलं ते अशा रितींपुरतं. म्हणून त्या रितींना ते घट्ट धरून बसले होते. बहिणीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, तेव्हा घरात आठवडाभर आधीपासून गडबड होती.

आमचा जावई माधापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. जन्म, शिक्षण सगळं हैदराबादेतलं, मराठी बोलायचा पण वाचताना बोट ठेवून वाचायचा. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. फक्त त्याला गाडी म्हणजे दाखवायची वस्तू वाटायची. धोंड्याच्या दिवशी सकाळी तो आला, चहा घेतला आणि अण्णांकडं किल्ली मागितली. गाडी धुऊन आणतो म्हणाला. आई स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. जेवायची वेळ टळून गेली, धोंडे गार झाले, आणि मग खाली हॉर्न वाजला.

आम्ही सगळे खाली गेलो. गाडी तीच होती पण टाचा उंच केल्यासारखी उभी होती. चौदा इंचांच्या चाकांच्या जागी सोळा इंचांची ती जाळीदार चाकं, आणि त्यांच्याभोवती टायर म्हणावा तर नुसती काळी पट्टी. मडगार्डच्या आत बोट जाईल इतकीही फट राहिली नव्हती. जावई दार उघडून बाहेर आला. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"मामा, आता बघा," तो म्हणाला. "पहिले नुसता डब्बा दिसत होती. माझ्याकडून तुम्हाला गिफ्ट."

मी अण्णांकडं बघितलं. ज्या माणसानं चाकं नव्हे तर धक्के बघून गाडी घेतली होती, त्या माणसाला हे काय झालं ते कळलं नसेल असं मी मानायला तयार नाही. त्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला आणि म्हणाले, कमाल केलीत जावईबापू. आईनं वर जाऊन हळदीकुंकवाचं ताट आणलं. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलेली ती बाई चारी चाकांपुढं वाकली आणि प्रत्येकाला कुंकू लावून उठली. जुन्या चाकांचं काय केलं हे विचारायला मी तोंड उघडलं, तर अण्णांनी नजरेनंच मला गप्प केलं. विचारलं म्हणजे परत पाहिजेत असा अर्थ झाला असता. आम्ही धरून चाललो की दुकानदारानं ती मोडीत घेतली असणार.

त्या गाडीला नंतर काय काय झालं ते मी स्वतः चालवून बघितलं आहे, कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आधी ही गाडी सिग्नल सुटला की टुणकन निघायची. आता पहिल्या गियरला ढकलत न्यावं लागे, कारण जड चाक फिरायला लावण्यातच इंजिनाचा अर्धा दम जायचा. फ्लायओव्हर चढताना तिसरा टाकला की धापा टाकायची, परत दुसरा. स्टेअरिंग जड झालं. गाडी लावताना माझे खांदे दुखायचे, मग अण्णांचं काय होत असेल. ब्रेक आधीपेक्षा लांबून दाबावा लागायचा. पेट्रोल लवकर संपायचं. चाकांचा घेर एकूणच वाढल्यामुळं काटा दाखवायचा त्यापेक्षा गाडी थोडी जास्तच वेगात असायची. आणि मागं तिघं बसून वळण घेतलं की टायर मडगार्डला आतून घासायचा, कुणी दात खातंय असा आवाज यायचा. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. बाहेरच्या रिंग रोडवर, गुळगुळीत रस्त्याला, मोठ्या वळणावर ती गाडी रुबाबात चिकटून चालायची. जावयानं आम्हाला तिथंच नेऊन दाखवलं होतं. पण मावशी रिंग रोडवर राहत नव्हती.

अत्तापूरहून नल्लकुंट्याला जायचं म्हणजे मूसी ओलांडून अफझलगंजातून जायचं, आणि त्या वर्षांत मेट्रोच्या कामानं तिकडचे रस्ते जागोजाग फोडून ठेवले होते. पत्रे, खड्डे, वर आलेली मॅनहोलची झाकणं. जुना टायर खड्डा स्वतः गिळायचा. या पट्टीत गिळायला काही नव्हतंच. खडा आला तरी तो सीटमधून थेट आईच्या मणक्यात जायचा. पहिल्या रविवारी ती परत आली ती जिन्याच्या कठड्याला धरून. मी विचारलं तर म्हणाली, बसून बसून अवघडले. पुढच्या रविवारी मांडीखाली उशी घेतली, त्याच्या पुढच्या रविवारी पाठीलाही. अण्णा बैलगाडीच्या वेगानं गाडी हाकायचे आणि मागचे लोक शिव्या घालत पुढं जायचे.

मी अण्णांशी भांडले. सरळ म्हटलं की ही चाकं काढा, साधी चार चाकं मी विकत आणते. अण्णा म्हणाले, धोंड्याच्या दिवशी जावयानं हातानं बसवलेली वस्तू काढायची म्हणजे जावयालाच उंबऱ्याबाहेर काढायचं. शिवाय धाकटीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. मी म्हटलं, तिलाच सांगते मग. तर आईच म्हणाली की खबरदार, तिच्या कानावर जाता कामा नये. त्यात जावयाची आत्या आमच्याच इमारतीत राहायची, हे स्थळही तिनंच आणलं होतं. रोज संध्याकाळी खाली फेऱ्या मारताना ती गाडीपाशी थांबून चाकांकडं बघायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या पोरानं बसवून दिली. मी एकदा हट्टानं फोनवरून टॅक्सी बोलावली. आई तिच्यात बसेना. दारात जावयानं सजवलेली गाडी असताना भाड्याच्या गाडीतून गेले तर आत्या काय म्हणतील, हे तिचं उत्तर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टॅक्सीवाला बिचारा उन्हात थांबून निघून गेला.

अण्णांनी मग एक युक्ती काढली. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे जरा मऊ चालेल. कुणाला न सांगता त्यांनी ती केली. एक रविवार बरा गेला. दुसऱ्या रविवारी अफझलगंजात एका मॅनहोलच्या कडेवर पुढचं चाक गेलं. हवा कमी असल्यानं टायर पार दबला आणि रिम दगडावर आपटली. तो आवाज मी मागच्या सीटवर ऐकला आणि त्याच वेळी आईच्या तोंडून निघालेला दुसराही. ती ओरडली नाही, फक्त श्वास आत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आम्ही तिथूनच परत फिरलो. तेलाची बाटली पिशवीत तशीच.

आई पंधरवडा अंथरुणात होती. तेवढ्या दिवसांत अण्णांनी काय केलं, तर वाकलेली रिम गुपचूप ठोकून सरळ करून आणली, जावयाला कळू नये म्हणून. तो शनिवारी आला तेव्हा आई उठून खुर्चीत ताठ बसली. त्यानं विचारलं, मामा, गाडी कशी चालते, आणि अण्णा म्हणाले, एकदम फर्स्ट क्लास. मी पोह्यांची बशी त्याच्यापुढं अशी आपटली की शेंगदाणे उडाले. जावई म्हणाला, ताई आज ऑफिसमध्ये जास्त काम होतं का. मला त्या खोलीत उभं राहवेना. खोटं बोलणाऱ्या माणसांच्या तोंडाला एक वास येतो असं मला तेव्हा वाटायचं, आणि तो माझ्याच घरच्यांच्या तोंडाला येत होता.

त्यानंतर आई नल्लकुंट्याला गेली नाही. मावशीला निरोप गेला की गुडघे धरलेत. ती मावसभावाकरवी लिंबाचं लोणचं पाठवायची, आई त्याच डब्यात काहीतरी घालून परत पाठवायची. आईच्या केसांची मात्र रया गेली. मी तेल लावायला बसले तर म्हणायची, राहू दे, तुझा हात लागत नाही. नंतर तिनं केस विंचरणंच कमी केलं.

असं बरेच महिने चाललं आणि एके दिवशी मावसभाऊ घरी आला. तो सचिवालयात नोकरीला. कर्मचाऱ्यांची वाटणी करताना कोण कुठला हे शाळेवरून ठरवत होते. जिथं शाळा झाली तिथला माणूस. त्याचे वडील रेल्वेत, पोराची सगळी शाळा विजयवाड्याला झालेली, म्हणून हैदराबादेत घर असलेला हा मराठी माणूस कागदावर आंध्राचा ठरला. आता कचेऱ्या तिकडं हलत होत्या, त्याला जावं लागणार होतं आणि मावशीला सोबत नेण्यावाचून इलाज नव्हता. पुढच्या रविवारी दुपारची आगगाडी होती. आई त्याचं सगळं ऐकून घेऊन आत गेली आणि भांडी घासत बसली, भांडी घासायला बाई येत असतानाही.

जावयाला कळल्यावर त्यानं फोन केला. मावशींना भेटायला सगळे मिळून जाऊ, गाडी मीच चालवतो, मामांना त्रास नको. नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

रविवारी सकाळी आई अंबाडा सैल घालून बाहेर आली. जावई स्टेअरिंगवर, शेजारी अण्णा, मागं आम्ही दोघी बहिणी आणि मध्ये आई, दोन्ही बाजूंनी उश्या. बहिणीनं विचारलं, एवढ्या उश्या कशाला. आई म्हणाली, सवय. गाडी भरलेली असल्यानं प्रत्येक वळणाला टायर घासत होता. जावई म्हणाला, हे काय की थोडं घासतंय, पुढच्या वेळी अ‍ॅडजस्ट करून घेऊ. त्याचा चालवण्याचा वेग तरुणाचा. मॅनहोल आलं की आईची बोटं माझ्या मनगटात रुतायची आणि सुटायची. मी समोर त्याच्या मानेकडं बघत होते आणि माझ्या मनात काय काय येत होतं ते लिहिण्यासारखं नाही.

नल्लकुंट्याच्या घरात सगळं बांधून झालेलं. भिंतींवर फोटोंच्या जागा तेवढ्या पांढऱ्या. मावशी उघड्या खाटेवर वॉकर धरून बसली होती. आई तिच्याजवळ जाऊन टेकली. मावशी तिच्याकडं बघत राहिली. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"इतके दिवस फिरकली नाहीस. माझं काय चुकलं तेवढं सांगून दे. मी आता जायली."

आईनं गुडघ्यांवर हात ठेवून दाखवला. मावशी म्हणाली, गुडघे तुझे चांगले आहेत, आत्ता बिना आधाराची आलीस की. आई तिच्या कानाशी वाकली. तिला खरं सांगायचं होतं, मी शपथेवर सांगते. ओठ हललेसुद्धा. पण त्या कानात काही घालायचं तर ओरडूनच घालावं लागायचं, आणि दाराशी चहाचा कप घेऊन जावई उभा होता. आईनं त्याच्याकडं एकदा बघितलं, तोंड मिटलं आणि पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवला. मावशीनं मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

ते मात्र मला बघवलं नाही. जावयाच्या एका चहाच्या कपासाठी एक बहीण दुसरीला असा समज घेऊन जाऊ देणार होती. मी पुढं झाले, मावशीच्या खांद्याला धरलं आणि गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले:

"गाडीची चाकं बदलली मावशी! मोठी बसवली! कडक झाली! आईच्या मणक्याला मार लागतो, म्हणून नाही आली!"

अण्णा फरशीकडं बघत होते. मावशीनं विचारलं, चाकं? मी मान हलवली. ती आईकडं वळली आणि म्हणाली, चाकांपायी? असल्या किळस आलेल्या आवाजात ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

जावयानं कप खिडकीत ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता हा रागानं निघून जाणार, बहीण रडणार आणि अण्णांचं म्हणणं खरं होणार. तो आईसमोर येऊन उकिडवा बसला.

"मामी, सांगायचं ना," तो म्हणाला. "जुनी चाकं माझ्याच बाल्कनीत पडलेत, पोत्याखाली. त्याच दिवशी लावून दिलो असतो की. मी कधी म्हणलो, हेच ठेवा म्हणून?"

त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. त्याच्या मानासाठी आम्ही आईची पाठ दिली, तिचे रविवार दिले, आणि त्याला तो मान असा पाहिजे आहे का हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. ती चाकं पोत्याखाली, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, सगळा वेळ पडून होती. मी अण्णांकडं बघितलं, पहिल्यांदा किळस न येता, कारण ते अचानक फार म्हातारे दिसत होते.

मावशीला जावयाचं बोलणं ऐकू आलं नव्हतं आणि तिला ते नकोही होतं. तिनं आईला खुणेनं खाली बसायला सांगितलं. पाट बांधला गेला होता, आई फरशीवरच बसली. मावशीनं तेल मागितलं. तेलाची बाटली त्या दिवशी आईनं आणलीच नव्हती. दीड-दोन तासांच्या भेटीत कोण तेल लावत बसणार, असं तिला वाटलं असेल. मग मावशीनं कोरड्या बोटांनीच गुंता सोडवायला घेतला. टॅक्सी खाली येऊन उभी राहिली, मावसभाऊ दोनदा डोकावून गेला. वेणी पुरी झाल्याशिवाय ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून जावयानं जुनी चाकं बसवून आणली. ती जाळीदार चाकं कुणाला तरी देऊन टाकली, पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही. आत्यालाही त्यानंच काय ते सांगितलं असावं, कारण त्यानंतर ती गाडीपाशी थांबली नाही. बहिणीला सासरी कुणी एक शब्दही बोललं नाही.

मावशी विजयवाड्याला गेली ती गेली. इतक्या लांबचा प्रवास आईच्या पाठीला झेपणारा नव्हता आणि फोनचा तर प्रश्नच नव्हता. त्या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत.

चाकं बदलल्यानंतरच्या रविवारी अण्णा सकाळी तयार होऊन किल्ली घेऊन बसले. कुठं जायचं हे कुणी विचारलं नाही. आई आतून आली, अंबाडा सैल, हातात पिशवी. मी मागं बसले. गाडी सिग्नलला टुणकन निघाली, स्टेअरिंग अण्णांच्या एका हातानं फिरत होतं. अफझलगंज कधी गेलं ते कळलं नाही. बरकतपुरा मागं पडला आणि आम्ही मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथं एक मोठा, आडमुठा स्पीडब्रेकर आहे. अण्णांनी गाडी त्याच्यावरून नेली आणि आईकडं बघत विचारलं, लागला का?

"नाही," आई म्हणाली. "कळलासुद्धा नाही."

मावशीच्या घराला कुलूप होतं. अण्णांनी गाडी थांबवली नाही, हळू मात्र केली. आईनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती आणि तिच्यातली तेलाची बाटली मला मागून दिसत होती. गल्लीच्या टोकाला वळून आम्ही त्याच स्पीडब्रेकरवरून परत आलो. तेव्हा ती रडायला लागली.